रस्त्यावर चालवायच्या सिंगल-स्पीड माउंटन बाइकचा गिअर कसा ठरवावा

सिंगल-स्पीड, म्हणजे एकाच गिअरची, माउंटन बाइक म्हटलं की हमखास सल्ला मिळतो, "पुढे 32 दाते, मागे 16 लाव, डोळे झाकून." हा हिशोब दगडधोंड्यांच्या पायवाटेचा आहे. डांबरी रस्त्यावर तोच लावला, तर 26 इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात जेमतेम चार मीटर पुढे जाते. मिनिटाला 80 फेरे मारूनही वेग ताशी 19-20 किलोमीटरच्या वर जात नाही.

आधी टायर बदला, गिअर नंतर. जाड गुठळ्यांचे टायर काढून दीड इंची गुळगुळीत टायर बसवले की चाकाचा घेर तीन-चार टक्के घटतो आणि गिअर आपोआप तेवढा हलका होतो. मग टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या आणि अंतर मोजा. 26 इंचीला ते साधारण दोन मीटर भरतं. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून या अंतराने गुणलं, की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळतं.

खरा घोळ होतो तो नेमका आकडा निवडताना. रस्ता सपाट आहे, वेग हवा आहे, म्हणून मी 44/16 (पुढे 44, मागे 16 दाते) लावलं होतं. एका फेऱ्यात साडेपाच मीटर. पहिल्या रविवारी, मोकळ्या रस्त्यावर, पाठीवर वारा घेऊन मजा आली. सोमवारी सिग्नल सुरू झाले. दर वेळी उभं राहून, हँडल स्वतःकडे ओढत, सगळं वजन एका पायावर टाकून सायकल हलवायची. तीन आठवड्यांत उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं, जिना उतरताना कळ यायची. पुढचे दोन महिने मी तसंच दामटलं, "पाय तयार होतील" या भरवशावर. असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पाय तयार होतात, गुडघे झिजतात.

शहरात तुम्ही सर्वाधिक वेगाने क्वचितच जाता, थांबून पुन्हा सुरुवात मात्र शंभर वेळा करता. म्हणून गिअर सुरुवातीवरून ठरवा. रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट चढ, तोंडावर येणारा वारा, पाठीवरची पिशवी आणि संध्याकाळचे थकलेले पाय, एवढं धरून बसल्या बसल्या सायकल निघायला हवी. माझं ठाम मत: 26 इंची चाकाला गुणोत्तर (पुढचे दाते भागिले मागचे) 2.25 ते 2.6. वाटेत चढ असतील तर 36/16 किंवा 38/16, अगदीच सपाट असेल तर 42/16, त्यापुढे जाऊ नका. 29 इंची चाक त्याच दात्यांवर सुमारे दहा टक्के जड पडतं, तिथे 34/16 पासून सुरुवात करा.

विकत घेण्याआधी आठवडाभर चाचणी घ्या. गिअरच्या सायकलवर या आकड्याच्या जवळची जोडी लावा आणि शिफ्टरला (गिअर बदलायच्या खटक्याला) हात लावू नका. सिग्नलवरून निघताना दर वेळी सीटवरून उठावं लागत असेल तर गिअर जड आहे. सपाट रस्त्यावर पाय भरभर फिरून अंग सीटवर उड्या मारत असेल तर हलका. दोन्हींच्या मध्ये अडलात तर हलका घ्या. भरभर पाय मारायला महिन्याभरात जमतं.

एक धोका कुणी सांगत नाही. माउंटन बाइकची मागची दांडी (पायडलपासून मागच्या चाकापर्यंतची) रुंद असते, त्यामुळे पायडलजवळ, तीन चेनव्हीलपैकी मधल्याच्या जागी, बसवलेलं मोठं चेनव्हील (पुढचं दातेरी चक्र) तिला घासू शकतं. आधी फ्रेमला लावून बघा. घासत असेल तर पुढे 36 ठेवून मागे 14 लावा, गुणोत्तर 2.57 येतं. मात्र लहान चक्राचे दाते लवकर झिजतात.

पुढची फेररचना मागच्या चक्राने करा. तिथला एक दाता सुमारे सहा टक्के फरक पाडतो, पुढचा अडीच टक्के. पुढच्या-मागच्या दात्यांची बेरीज तीच राहिली, तर चेनही जवळपास तीच चालते. बेरजेत एका दात्याचा फरक पडला की मागचं चाक साधारण तीन मिलिमीटर सरकवावं लागतं. फ्रेममधली चाक बसवायची खाच उभी असेल तर ते सरकणारच नाही, चेन ताणून धरणारा टेन्शनर लागेल.

चक्रं एका रेषेत आणा. चेन मध्यावर बोटाने दाबल्यावर सेंटिमीटरभर हलली पाहिजे. पायडल सावकाश पूर्ण फिरवत तीन-चार ठिकाणी तपासा, कारण चेनव्हील क्वचितच अगदी गोल बसतं. जिथे चेन सगळ्यात ताणलेली असेल, तिथेच हे माप धरा.