पोटॅशियम वाढलंय? मग भाजी अशी करा

बाबांच्या किडनीचा त्रास जुनाच, पण मागच्या रिपोर्टमधे पोटॅशियम ५.८ आलं (साधारण ३.५ ते ५ हवं) तेव्हा घरात शोधाशोध सुरू झाली. मीठ कमी करायचं म्हणून आईने लो सोडियम मीठ आणलेलं, घोळ तिथेच होता, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं राव! वर रोज शहाळं, "थंड असतं" म्हणून, त्यातही पोटॅशियम भरपूर. दोन्ही बंद केलं.

आता बटाटा, पालक, दुधी काहीही असो, सालं काढून बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी सरळ ओतून द्यायचं, मग फोडणी. नुसतं भिजवून ठेवण्यापेक्षा उकळून पाणी टाकलेलं जास्त उपयोगी. चव जाते थोडी, लसूण जिरं जरा सढळ हाताने घाला. डाळीचं वरचं पाणी, टोमॅटोचं सार वगैरे मात्र नको, बरंचसं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं.

रिपोर्टमधे बायकार्बोनेटपण (रक्तातलं अॅसिड मारणारा क्षार) बघा, २२ च्या खाली असेल तर रक्तात अॅसिड साठतंय, त्यानेही पोटॅशियम वर जातं. त्यावर सोडामिंटच्या (सोडियम बायकार्बोनेटच्या) गोळ्या डॉक्टर देतात, घरचा खायचा सोडा मनाने घेऊ नका, सोडियम वाढून पाय सुजतात. अंगदुखीच्या गोळ्याही विचारूनच.

आणि हातपाय गळून गेले, छातीत धडधडलं तर भाजीबिजी राहू दे, लगेच दवाखाना गाठून ईसीजी काढा.