पी-अॅडिक कोहोमॉलॉजी शिकायची असेल तर सातपासून सुरुवात करा

पी-अॅडिक कोहोमॉलॉजी म्हणजे, थोडक्यात, बाक्यांच्या जगातल्या वक्रांवरचे बिंदू अवकल समीकरणं आणि इंटिग्रल्स वापरून मोजण्याची रीत. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं या विषयाबद्दल विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या फोनमध्ये तीन-चार जाडजूड पीडीएफ आधीच उतरवलेल्या असतात. क्रिस्टलाइन कोहोमॉलॉजी, रिजिड कोहोमॉलॉजी, एफ-आयसोक्रिस्टल. व्याख्या पाठ असतात, पण एकही उदाहरण हाताखालून गेलेलं नसतं. मी पुण्यात एका महाविद्यालयात गणित शिकवते आणि रविवारी सकाळी कोथरूडला माझ्या घरी चार-पाच जणांना घेऊन बसते. त्यांना पहिल्या दिवशी सांगते तेच इथे सांगते. त्या फायली काही आठवडे उघडू नका. एक मूळ संख्या घ्या, वक्रांचं एकच कुटुंब घ्या आणि सगळा विषय त्यावर करून बघा.

तयारी फार लागत नाही. बाक्यांचं (मॉड्युलर) अंकगणित, पॉवर सिरीज आणि कॉम्प्लेक्स अॅनालिसिसचा पहिला कोर्स पुरे. अप्पा बळवंत चौकातून एक चौकटीची मोठी वही आणा. संगणक लागेल, पण नंतर.

मूळ संख्या ७ घ्या. ३ आणि ५ फार लहान पडतात, त्यांत खरे नमुने आणि योगायोग वेगळे ओळखता येत नाहीत. ११ ला हात दुखतो. कुटुंब घ्या लेजांद्रचं: य² = क्ष(क्ष−१)(क्ष−ल). ल ला ३ ही किंमत द्या आणि ७ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात या वक्रावर किती बिंदू आहेत ते मोजा. ७ साठी वर्गसंख्या ०, १, २, ४ एवढ्याच. क्ष = ०, १, ३ ला उजवी बाजू शून्य होते, म्हणजे प्रत्येकी एक बिंदू. क्ष = २, ४, ५ ला ५ येतात, क्ष = ६ ला ६ येतात. ५ आणि ६ वर्ग नाहीत, तेव्हा तिथे काही मिळत नाही. अनंतावरचा एक बिंदू धरून एकूण ४. आता ७ + १, म्हणजे ८ मधून ही संख्या वजा करा. उरतात ४. या आकड्याला फ्रोबेनियसची (सातवा घात घेण्याच्या क्रियेची) ट्रेस म्हणतात आणि पुढचा सगळा खटाटोप याच आकड्यासाठी आहे.

हे मोजून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ल = २ आणि ल = ५ हेही करा. उत्तरं अनुक्रमे ८ आणि १२ बिंदू, म्हणजे ट्रेस ० आणि −४.

आता हाच आकडा मोजणी न करता काढायचा. शून्य नसलेल्या कोणत्याही बाकीचा घन ७ च्या हिशेबात १ किंवा −१ येतो. वर्ग असेल तर १, नसेल तर −१. म्हणून प्रत्येक क्ष साठी बिंदूंची संख्या ही १ अधिक उजव्या बाजूचा घन इतकी, अर्थात ७ च्या हिशेबात. सगळ्या क्ष वर बेरीज घ्या. क्ष च्या एखाद्या घाताची सातही बाक्यांवरची बेरीज शून्य येते, फक्त घातांक ६ च्या पटीत असला की −१ येते. उजव्या बाजूच्या घनात क्ष चे घात ३ ते ९ एवढेच आहेत, तेव्हा उरतो एकटा क्ष⁶ चा सहगुणक, आणि ट्रेसची बाकी म्हणजे तोच सहगुणक. तो विस्तार करून काढा. −(१ + ९ल + ९ल² + ल³) असा येतो. कंसातल्या बहुपदीला हासे बहुपदी म्हणतात आणि ७ च्या हिशेबात ती १ + २ल + २ल² + ल³ होते. ल = ३ घातलं की ५२, बाकी ३, चिन्ह उलटून −३, म्हणजेच ४. जुळलं!

एक शंका इथे यायलाच हवी. बाकी ४ आहे म्हणजे ट्रेस ४ किंवा −३, दोन्ही शक्य आहेत, कारण हासेच्या प्रमेयानुसार ट्रेस −५ ते ५ च्या आतच असते. पण या वक्रावर ०, १, ल आणि अनंत हे चार बिंदू मिळून गट तयार होतो, म्हणून एकूण बिंदू ४ च्या पटीत असलेच पाहिजेत. ११ चालत नाहीत, ४ चालतात.

गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. सान्त कॅरॅक्टरिस्टिकवरच्या, म्हणजे अशाच बाक्यांच्या जगातल्या, पृष्ठभागांच्या सिंग्युलॅरिटीचा (टोकदार किंवा स्वतःला छेदणाऱ्या बिंदूंचा) प्रश्न त्यांनी १९५६ मध्ये सोडवला होता, आणि तरी आयुष्यभर आग्रह धरला तो शाळेतल्या बीजगणिताचा: बहुपदी, पॉवर सिरीज, हाताने केलेला विस्तार. मला तो आग्रह मनापासून पटतो आणि या विषयात तर तो फार उपयोगी पडतो.

आता अवकल समीकरण. लेजांद्र कुटुंबाचे पीरियड्स, म्हणजे त्या वक्रावरची इंटिग्रल्स, ल बदलत गेला की एका समीकरणाच्या तालावर बदलतात:

ल(१−ल)फ″ + (१−२ल)फ′ − फ/४ = ०

त्याचं शून्याजवळचं उत्तर १ + ल/४ + ९ल²/६४ + २५ल³/२५६ + … ही हायपरजॉमेट्रिक सिरीज. हे गणित ऑयलर-गाउसच्या काळचं, त्यात ७ चा मागमूस नाही. पण या सहगुणकांची ७ ने भागून बाकी काढा. १/४ म्हणजे २, कारण ४ × २ = ८. ९/६४ म्हणजे २. २५/२५६ म्हणजे १. आली ना हासे बहुपदी? उलट बाजूनेही तपासा. हासे बहुपदी समीकरणात घाला, १/४ च्या जागी २ ठेवा. स्थिरपद आणि ल चा सहगुणक सरळ शून्य होतात, ल² चा −७ आणि ल³ चा −१४ येतो. सगळं ७ च्या पटीत. इगुसा यांनी १९५८ मध्ये हा संबंध दाखवला. वक्रावरचे बिंदू मोजणं आणि अवकल समीकरण सोडवणं यांचं नातं इथे पहिल्यांदा दिसतं. माझ्याकडची मुलं इथे पेन खाली ठेवतात आणि परत एकदा करून बघतात. तुम्हीही बघा.

यानंतर ७-अॅडिक संख्या शिका, आधी नाही. हेन्झेल यांनी १८९७ मध्ये मांडलेली कल्पना अशी: ७ ने जितक्या वेळा भाग जाईल तितकी संख्या लहान. ३४३ ही ४९ पेक्षा लहान. दोन-तीन दिवस बेरजा, भागाकार, वर्गमुळं करून हात बसवा आणि मग फ′ = फ हे समीकरण घ्या. उत्तर अर्थात एक्स्पोनेन्शियल. कॉम्प्लेक्स अॅनालिसिसमध्ये आपण शिकतो की उत्तराची सिरीज जवळच्या सिंग्युलॅरिटीपर्यंत चालते, आणि या समीकरणाला सान्त अंतरावर सिंग्युलॅरिटी नाहीच. पण ७-अॅडिक जगात छेदातले फॅक्टोरियल घोळ करतात. ७! मध्ये एक ७ आहे, ४९! मध्ये आठ. हिशेब केला की त्रिज्या ७ चा उणे एक-षष्ठांश घात, म्हणजे १ पेक्षा कमी. क्ष = १ ला सिरीज कोसळते. वाटेत अडथळा एकही नसताना उत्तर मध्येच थांबतं, म्हणून पी-अॅडिक अवकल समीकरणांत त्रिज्या हीच माहिती असते आणि समीकरणांची वर्गवारी तिच्यावर होते. भूमितीतून आलेली समीकरणं मात्र या बाबतीत गुणी असतात. त्यांच्यावर फ्रोबेनियसची क्रिया असते आणि तिच्यामुळे जनरिक बिंदूपाशी त्रिज्या पूर्ण १ मिळते.

ड्वर्क यांनी याचाच फायदा घेतला. वेल यांच्या १९४९ च्या अटकळींपैकी झीटा फंक्शन (बिंदूंच्या सगळ्या मोजण्या एकत्र बांधणारी सिरीज) परिमेय असण्याचा भाग त्यांनी १९६० मध्ये पी-अॅडिक अॅनालिसिस वापरून सिद्ध केला, एटाल कोहोमॉलॉजी ही त्याच अटकळींसाठीची दुसरी वाट उभी राहण्याआधी. त्यांची पुढची एक कल्पना आपल्या वहीत करता येते. ल = ३ ची ट्रेस ४ आणि मूळ संख्या ७ घेऊन समीकरण लिहा: ट² − ४ट + ७ = ०. याचं एक मूळ ७ ने भाग न जाणारं आहे. ४ + ७क असं समजून ४९ च्या हिशेबात सोडवा. क = ५ येतो, मूळ ३९. पडताळा: १५२१ − १५६ + ७ = १३७२, म्हणजे ४ × ३४३, ४९ ने भाग जातो. हेच ३९ अवकल समीकरणातून काढायचं. ३ चा टाइशम्युलर प्रतिनिधी घ्या, म्हणजे ७ ने भागून ३ उरणारी आणि जिचा सहावा घात १ आहे अशी ७-अॅडिक संख्या. तो ४९ च्या हिशेबात ३ चा सातवा घात, म्हणजे ३१. हायपरजॉमेट्रिक सिरीजच्या पहिल्या ४९ पदांची ल = ३१ ला बेरीज करा, पहिल्या ७ पदांच्या बेरजेने भागा, चिन्ह उलटा. ४९ पदं हाताने करू नका, इथे सेज किंवा पारी हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडा. ल = ५ साठी हेच केलं की १० येईल, म्हणजे ४९ च्या हिशेबात बरोबर −३९. असं का होतं ते शोधा. इशारा एवढाच की ३ × ५ = १५, आणि ३ हा ७ च्या जगात वर्ग नाही.

आता कोहोमॉलॉजीची पाळी. डी-राम कोहोमॉलॉजी म्हणजे ज्यांचं इंटिग्रल निघत नाही अशा डिफरन्शियल फॉर्म्सचा हिशेब. चकतीवर ती शून्य असायला हवी. ही सिरीज बघा: १ + ७क्ष⁶ + ४९क्ष⁴⁸ + ३४३क्ष³⁴² + … बंद एकक चकतीवर ती छान चालते, सहगुणक शून्याकडे जातात. इंटिग्रल काढा: क्ष + क्ष⁷ + क्ष⁴⁹ + क्ष³⁴³ + … सहगुणक सगळे १, काठावर चालत नाही. अशा असंख्य सिरीज आहेत, म्हणून साध्या चकतीची कोहोमॉलॉजी अनंत मितीची होऊन बसते. मॉन्स्की आणि वॉशनित्झर यांनी १९६८ मध्ये उपाय दिला: काठाच्या थोडं पलीकडेही चालतील अशाच सिरीज घ्यायच्या. ही ‘ओव्हरकन्व्हर्जन्स’ची अट पुस्तकात एका ओळीत येते. ती का आहे हे या उदाहरणाशिवाय कळत नाही, म्हणून ते वहीत स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा. पुढे बेर्थेलो यांची रिजिड कोहोमॉलॉजी वाचाल तेव्हा प्रत्येक व्याख्येत हीच अट शोधायची.

हे सगळं एकत्र येतं ते केडलाया यांच्या बिंदू मोजण्याच्या २००१ च्या अल्गोरिदममध्ये. य² = बहुपदी असा वक्र घ्या, य = ० चे बिंदू काढून टाका, क्ष ला क्ष⁷ वर नेणारा फ्रोबेनियस ७-अॅडिक संख्यांवर उचलून न्या, बेसिसमधल्या फॉर्म्सवर तो लावा आणि आलेली लांबलचक सिरीज पुन्हा बेसिसपर्यंत खाली आणा. मॅट्रिक्स मिळते. खाली आणताना ७ ने भाग जाणाऱ्या संख्यांनी भागावं लागतं आणि अचूक अंक गळतात, तेव्हा सुरुवातीलाच दोन-चार अंक जास्त घ्या. वेळ साधारण मूळ संख्येच्या प्रमाणात लागतो. हार्वे यांनी २००७ मध्ये तो तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणला.

पहिला प्रयोग आपल्याच वक्रावर करा. ल = ३, मॅट्रिक्स दोन बाय दोन. ट्रेस ४ आणि डिटरमिनंट ७ आला तर कोड बरोबर आहे. ल = २ ला ट्रेस ०, ल = ५ ला −४. तिन्ही जुळले की जीनस २ चा वक्र (उजवीकडे पाचव्या घाताची बहुपदी) घ्या, चार बाय चार मॅट्रिक्स काढा, आणि बिंदू पुन्हा एकदा हाताने मोजून ताडून बघा.