लूप नेमका कुठे चुकतो?

प्रोग्राम चालतो, पण उत्तर चुकते, आणि नवशिका विद्यार्थी कोडमधील आकडे अंदाजाने बदलत बसतो. त्याऐवजी वहीत प्रत्येक व्हेरिएबलसाठी (म्हणजे बदलती किंमत साठवणाऱ्या नावासाठी) एक रकाना आखावा आणि स्वतः ओळ न ओळ वाचत, लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, प्रत्येक फेरीनंतरची त्याची किंमत खालोखाल लिहीत जावी. उदाहरणार्थ, १ ते ५ या संख्यांची बेरीज १५ यायला हवी. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रेंजला, म्हणजे लूपला ओळीने संख्या पुरवणाऱ्या सूचनेला, १ आणि ५ दिल्यास बेरजेच्या रकान्यात १, ३, ६, १० एवढेच उतरते, म्हणजे शेवटची मर्यादा लूपमध्ये धरली जात नाही आणि तेथे ६ द्यायला हवेत, हे लगेच ध्यानात येते. मोठ्या लूपच्या मोजक्याच फेऱ्या तपासाव्यात, मात्र पहिली आणि शेवटची गाळू नये. कोडमध्ये जे लिहिले आहे तेच उतरवावे, मनात होते ते नव्हे. बहुतेकांची गफलत इथेच होते.