असेंद्रिय जीवरसायनशास्त्र : संशोधनाचा कल आणि प्रकाशनाचा प्रभाव कसा तपासावा

सजीवांच्या शरीरात धातू कोणते काम करतात आणि धातूंची संयुगे औषध म्हणून कशी वापरता येतात, याचा अभ्यास असेंद्रिय जीवरसायनशास्त्रात होतो. हिमोग्लोबिनमधील लोह, बी-12 जीवनसत्त्वातील कोबाल्ट, युरियाचे विघटन करणाऱ्या युरिएज या विकरातील (एन्झाइममधील) निकेल आणि कर्करोगावरील सिसप्लॅटिनमधील प्लॅटिनम हे सारे या शाखेचे विषय आहेत. पीएच.डी.साठी विषय शोधणारा विद्यार्थी, प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिणारा प्राध्यापक आणि निवड समितीवरील परीक्षक या तिघांनाही कधी ना कधी या शाखेतील संशोधनाचा कल पाहावा लागतो, आणि बहुतेक वेळा त्यांच्या हाती येते ती शोधपत्रिकांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची, म्हणजे पत्रिकेतील निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो या आकड्याची, यादी. ती यादी या कामाला पुरत नाही. ही शाखा लहान आहे, तिचे महत्त्वाचे काम इतर शाखांच्या पत्रिकांत विखुरलेले आहे आणि त्यातील बरेचसे उशिरा फळते. म्हणून मोजणीच्या आधी शाखेची सीमा आखावी लागते आणि मोजणीनंतर निबंध प्रत्यक्ष वाचावे लागतात.

सुरुवातीलाच आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘सध्या कशावर लेखन वाढते आहे’ आणि ‘आजवरचे कोणते काम टिकले’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यासाठी मागील दहा वर्षांची माहिती पुरते, तर दुसऱ्यासाठी तीस-चाळीस वर्षे मागे जावे लागते. दोन्हींची उत्तरे एकाच तक्त्यातून काढू पाहणारे अहवाल पुष्कळ दिसतात आणि ते दोन्ही बाबतींत फसवे ठरतात.

शाखेची सीमा आखणे

या शाखेच्या स्वतःच्या म्हणता येतील अशा पत्रिका मोजक्या आहेत. 1971 मध्ये ‘बायोइनऑर्गॅनिक केमिस्ट्री’ या नावाने सुरू झालेली आणि 1979 पासून ‘जर्नल ऑफ इनऑर्गॅनिक बायोकेमिस्ट्री’ म्हणून निघणारी पत्रिका त्यांत जुनी आहे. ‘बायोमेटल्स’, 1996 मध्ये सुरू झालेली ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल इनऑर्गॅनिक केमिस्ट्री’ आणि 2009 मध्ये सुरू झालेली ‘मेटॅलॉमिक्स’ या आणखी तीन. जुन्या वर्षांची माहिती काढताना पत्रिकेच्या पूर्वीच्या नावानेही शोध घ्यावा, नाहीतर पहिली काही वर्षे गळतात.

मात्र केवळ या चार पत्रिका मोजल्या तर शाखेचे शिखर बाहेरच राहते. हवेतील नायट्रोजन स्थिर करणाऱ्या नायट्रोजिनेज या विकरातील लोह-मॉलिब्डेनम सहघटकाची रचना डग्लस रीस यांच्या गटाने 1992 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडली आणि त्या सहघटकाच्या मध्यभागी असलेला अणू कार्बनचा आहे हे 2011 मध्ये त्याच पत्रिकेतून सिद्ध झाले. प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन करणाऱ्या मँगनीज-कॅल्शियम गुच्छाची 1.9 अँगस्ट्रॉम विभेदनाची रचना जपानी संशोधकांनी 2011 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केली. यांतील एकही निबंध शाखेच्या पत्रिकांत सापडणार नाही. उलट, शोधपेटीत केवळ ‘सिसप्लॅटिन’ हा शब्द टाकला, तर रुग्णांवरील उपचारांच्या तुलना करणारे असंख्य निबंध येतात, ज्यांत प्लॅटिनमच्या रसायनशास्त्राविषयी एक ओळही नसते.

यावर उपाय म्हणजे थरांची शोधप्रश्नावली, म्हणजे निबंध शोधण्यासाठीच्या शब्दांची आणि अटींची यादी. पहिल्या थरात शाखेच्या पत्रिकांतील सर्व शोधनिबंध घ्यावेत. दुसऱ्या थरात बाकीच्या पत्रिकांतून धातूचे नाव आणि प्रथिन, विकर, डीएनए किंवा पेशी यांसारखा जैविक शब्द हे दोन्ही शीर्षकात किंवा सारांशात एकत्र येतील असेच निबंध घ्यावेत. तिसऱ्या थरात वैद्यकीय चाचण्यांचे अहवाल आणि औद्योगिक उत्प्रेरकांवरील निबंध वगळावेत. त्यानंतर प्रश्नावलीची परीक्षा घ्यावी, आणि संपूर्ण कामातला हाच टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जाणकारांना विचारून, शाखेत निःसंशय मोडणाऱ्या तीसएक निबंधांची यादी आधीच करून ठेवावी आणि त्यांतील किती आपल्या जाळ्यात आले ते पाहावे. मग मिळालेल्या निबंधांतून यादृच्छिक पद्धतीने शंभर निवडून त्यांचे सारांश वाचावेत आणि त्यांतील किती विषयाबाहेरचे आहेत ते मोजावे. यादीतील निबंध निसटत असतील तर शब्द वाढवावेत, विषयाबाहेरचे फार येत असतील तर अटी कडक कराव्यात. हे दोन-तीन वेळा केल्याशिवाय पुढचा कोणताही आलेख काढू नये.

माहितीसाठी वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस यांचे वर्गणीचे आधारसंच (डेटाबेस) आहेत. ते ज्या महाविद्यालयात नाहीत तेथे 2022 मध्ये सुरू झालेला ओपनॲलेक्स हा खुला संच वापरता येतो, मात्र त्याने आपोआप लावलेल्या विषयखुणांवर विसंबू नये. निबंध वाचण्याची अडचण भारतात आता पुष्कळ कमी झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी मंजूर केलेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत 30 प्रकाशकांच्या सुमारे 13,000 पत्रिका सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना 2025 पासून खुल्या झाल्या आहेत आणि वरील चारही पत्रिकांचे प्रकाशक त्यांत आहेत. गावाकडच्या सरकारी महाविद्यालयातील अभ्यासकालाही ‘निबंध मिळत नाही म्हणून सारांशावर भागवले’ असे म्हणण्याची वेळ आता येऊ नये, ही फार मोलाची गोष्ट आहे.

कल ओळखणे

एखाद्या विषयावरील निबंधांची संख्या दुप्पट झाली, एवढ्यावरून तो विषय वाढतो आहे असे ठरत नाही, कारण जगातील एकूण शोधनिबंधांची संख्याही वाढत असते. म्हणून दर वर्षीच्या एकूण संचातील त्या विषयाचा वाटा काढावा. चालू वर्षाची नोंद अपुरी असते, ती आलेखातून वगळावी. एकेका वर्षाच्या चढउतारापेक्षा तीन किंवा पाच वर्षांचे गट घेतले की दिशा स्पष्ट होते.

वाढीमागचे कारण शोधणे हे यापुढचे आणि अधिक अवघड काम आहे. नवा प्रश्न उभा राहिला म्हणून लेखन वाढते, नवे साधन हाती आले म्हणून वाढते, आणि कधी केवळ निबंध लिहिणे सोपे झाले म्हणूनही वाढते. या कारणांतील फरक दाखवणारी दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील.

मार्च 2022 मध्ये ‘सायन्स’मधील एका निबंधाने तांब्यामुळे होणाऱ्या पेशीमृत्यूची एक वेगळी यंत्रणा मांडली. पेशीच्या ऊर्जाचक्रातील, लिपॉइक आम्लाचा अंश जोडलेल्या प्रथिनांशी तांबे थेट बांधले जाते आणि ती प्रथिने एकत्र गोळा होऊन पेशी मरते, असे त्यात दाखवले होते. या यंत्रणेला ‘कप्रोप्टोसिस’ हे नाव मिळाले आणि अल्पावधीत त्या शब्दाचा आलेख उभा चढला. मात्र त्या निबंधांचे सारांश वाचले की त्यांचे निदान तीन गट पडतात : पेशीतील तांबे प्रत्यक्ष मोजणारे, तांब्याची नवी संयुगे तयार करून तपासणारे, आणि कर्करोगाच्या खुल्या जनुकीय माहितीसंचातून जनुकांच्या याद्या काढून रुग्णांच्या आयुर्मानाशी जोडणारे. तिसऱ्या गटातील निबंधांत तांब्यावर एकही प्रयोग नसतो. शाखेचा कल सांगताना पहिल्या दोन गटांचा वाटा वेगळा द्यावा. तसे न केल्यास माहितीसंच चाळण्याची सोपी रीत पसरल्याची खूण आपण या शाखेतील प्रगती म्हणून मांडू.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. दुर्मीळ मृदा धातूंना सजीवांत काहीच काम नाही असे फार काळ मानले जात होते. इटलीतील ज्वालामुखी परिसरातील एका जिवाणूला मिथेनॉल वापरण्यासाठी हे धातू लागतातच, असे 2014 मध्ये स्पष्ट झाले आणि 2018 मध्ये या धातूंना अत्यंत घट्ट पकडणारे लॅनमॉड्युलिन हे प्रथिन सापडले. या विषयावरील निबंधांची संख्या अजूनही लहान आहे. पण त्यांत प्रयोग आहेत, नवी विकरे आहेत आणि हे धातू एकमेकांपासून वेगळे करण्यासाठी त्या प्रथिनाचा उपयोगही तपासला जात आहे. विद्यार्थ्याने विषय निवडताना या दुसऱ्या प्रकारच्या आलेखाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आपल्याकडील लेखनासंदर्भात एक इशारा आवश्यक आहे. नवे शिफ बेस लिगँड (धातूशी बांधला जाणारा एका प्रकारचा सेंद्रिय रेणू), त्याची तांबे किंवा जस्ताबरोबरची संयुगे, वासराच्या थायमस ग्रंथीतील डीएनएशी बंध, पेशींवरील विषारीपणाची चाचणी आणि शेवटी संगणकावरील डॉकिंग (रेणू प्रथिनात किंवा डीएनएत कसा बसेल याचा अंदाज), या साच्यातील निबंध मोठ्या संख्येने निघतात. त्यांतील चांगले काम ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. संयुग जैविक द्रावणात जसेच्या तसे टिकते का आणि ते कोणत्या द्रावकात विरघळवले, हे लेखकांनी तपासून लिहिले आहे का ते पाहावे. डायमिथाइल सल्फॉक्साइड हा नेहमीचा द्रावक सिसप्लॅटिनमधील क्लोराइडची जागा घेऊन प्लॅटिनमशी बांधला जातो आणि औषधाचा परिणाम घटवतो, हे ज्ञात असूनही अनेक निबंधांत त्याचा वापर विचाराविना केलेला आढळतो. आपल्या नमुन्यातील किती निबंधांत अशी स्थिरतेची तपासणी आहे हे मोजले, तर शाखेच्या प्रकृतीविषयी इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा अधिक कळते.

शब्दांचे नकाशे काढण्यासाठी लायडन विद्यापीठातील व्हीओएसव्ह्यूअर हे मोफत साधन आहे. त्यात समानार्थी शब्द आधी एकत्र करावेत आणि किमान वारंवारतेची अट बदलून दोन-तीन नकाशे काढावेत. प्रत्येक नकाशात टिकणारे गटच खरे मानावेत.

प्रभाव मोजणे

पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे मागील दोन वर्षांतील तिच्या निबंधांना चालू वर्षी मिळालेली सायटेशन (इतर निबंधांनी दिलेले संदर्भ) भागिले त्या दोन वर्षांतील निबंधांची संख्या. ही सरासरी आहे, आणि सरासरी एका निबंधानेही किती हलते याचा नमुना स्फटिकरचनाशास्त्रातच आहे. शेलेक्स या रचना ठरवणाऱ्या संगणक प्रणालीचा आढावा जॉर्ज शेल्ड्रिक यांनी 2008 मध्ये ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागात लिहिला. प्रणाली वापरणारा प्रत्येक जण त्या लेखाचा संदर्भ देऊ लागला आणि त्या पत्रिकेचा इम्पॅक्ट फॅक्टर सुमारे 2 वरून 2009 मध्ये जवळपास 50 झाला. दोन वर्षांची मुदत उलटल्यावर 2011 मध्ये तो पुन्हा 2 च्या आसपास आला. पत्रिकेतील इतर निबंधांच्या गुणवत्तेत या काळात काहीही फरक पडला नव्हता. म्हणून सरासरीबरोबर मध्यक द्यावा, आणि समीक्षालेख व पद्धतीविषयक लेख वेगळे काढून उरलेल्या निबंधांचे आकडे द्यावेत.

दोन वर्षांची मुदत या शाखेला मुळातच जुळत नाही. सिसप्लॅटिन मिकेले पेरोने यांनी 1840 च्या दशकात बनवले आणि 1893 मध्ये आल्फ्रेड वेर्नर यांनी त्याची रचना सांगितली. 1965 मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या संयुगांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबताना दिसले आणि 1978 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. जेम्स समनर यांनी 1926 मध्ये युरिएजचे स्फटिक मिळवले, पण त्यात निकेल असल्याचे 1975 मध्ये कळले. असे काम तोलण्यासाठी निबंधाची वर्षवार सायटेशन दहा-वीस वर्षांपर्यंत मांडावीत, आणि पत्रिकेसाठी तिला मिळणारी सायटेशन किती जुन्या निबंधांना मिळतात हे सांगणारे अर्धायुष्य पाहावे. स्कोपसचा साइटस्कोर चार वर्षांवर आधारलेला आहे, त्यामुळे तो इम्पॅक्ट फॅक्टरच्या शेजारी ठेवून तुलना करू नये. एकच पत्रिका जीवरसायनशास्त्र आणि असेंद्रिय रसायनशास्त्र या दोन गटांत मोडत असेल, तर तिचा क्रम दोन्हीकडे निराळा येऊ शकतो. अहवालात दोन्ही क्रम लिहावेत, सोयीचा तेवढाच नव्हे.

सायटेशनपलीकडचा प्रभाव येथे पाहता येतो, हे या शाखेचे भाग्य आहे. प्रथिनांच्या रचना खुल्या पेढीत जमा होतात, औषधांच्या चाचण्यांची सार्वजनिक नोंद असते आणि स्वामित्वहक्कांचे अर्ज शोधता येतात. रुथेनियमचे टीएलडी-1433 हे संयुग मूत्राशयाच्या कर्करोगावरील प्रकाशउपचारासाठी रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले, ही बाब एखाद्या टक्केवारीपेक्षा अधिक सांगणारी आहे. मोजणीआधी रद्द झालेले निबंधही वेगळे काढावेत. त्यांची रिट्रॅक्शन वॉचने जमवलेली सूची 2023 पासून क्रॉसरेफ या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेमार्फत खुली आहे.

आपल्या विद्यापीठांसाठी हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या साहाय्याने तयार होणारी ‘यूजीसी-केअर’ पत्रिकांची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली आणि पत्रिकेची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आली. त्याआधी 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी शोधनिबंधाची सक्ती आयोगाने काढली होती. या मोकळिकीत समित्यांनी पुन्हा इम्पॅक्ट फॅक्टरचा आधार घेतला तर ते दुर्दैव होईल. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध मागवावेत, प्रत्येकात नेमके काय नवे कळले ते त्याच्याकडून एका परिच्छेदात लिहून घ्यावे आणि समितीतील निदान एका सदस्याने ते निबंध पूर्ण वाचावेत.

विद्यार्थ्याने स्वतःचा निबंध पाठवताना आपल्या संदर्भयादीत कोणत्या पत्रिका वारंवार येतात हे पाहावे, त्यांचे अलीकडचे अंक चाळावेत आणि लेखकाने शुल्क न भरता छापण्याची सोय आहे का ते तपासावे. आपला निबंध वाचणारा वर्ग याच पत्रिकांचा असतो.

शेवटी शोधप्रश्नावली अक्षरशः, आधारसंचाचे नाव, माहिती उतरवल्याची तारीख आणि वगळलेल्या निबंधांची कारणे अहवालाला जोडावीत, आणि उतरवलेली मूळ फाइल खुल्या भांडारात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालाही तीच प्रश्नावली पुन्हा चालवून आपले निष्कर्ष पडताळता येतील.