पावसाळ्याआधी व्यावसायिक इमारतीची वीज, पाणी आणि यंत्रणा आपत्तीसाठी कशी सज्ज करावी

गोव्यातल्या बहुतेक व्यावसायिक इमारतींत सगळ्यांत महागडी यंत्रणा सगळ्यांत खाली असते. वरच्या जागेला भाडे मिळते, म्हणून मेन पॅनेल, पंप, जनरेटर, यूपीएसच्या बॅटऱ्या यांची रवानगी तळघरात नाहीतर जिन्याखाली होते. पाणीही आधी तिथेच शिरते. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की तळघर भरते, तळघर भरले की जनरेटरही हातचा जातो, आणि मग गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचीही सोय उरत नाही. त्यामुळे एकेक यंत्र सुस्थितीत ठेवून भागत नाही. कोणते यंत्र कोणावर अवलंबून आहे आणि ती कोणत्या क्रमाने बंद करायची, कोणत्या क्रमाने पुन्हा चालू करायची, हे कोरड्या दिवसांतच ठरलेले हवे.

हॉटेलचे मालक, कार्यालयांच्या संकुलाची समिती, दुकानगाळ्यांच्या इमारतीचे व्यवस्थापक यांच्यासाठी हा लेख आहे. प्रत्यक्ष काम परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि जाणत्या प्लंबरकडूनच करून घ्या; पण काय करून घ्यायचे, हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

पायरी १ : आपल्या इमारतीला कशाचा धोका आहे ते ओळखा

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर निघून गेले, तरी राज्यभर झाडे आणि विजेचे खांब कोलमडले. काही भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती आणि विजेअभावी नळही कोरडे राहिले. त्याच वर्षी २३ जुलैला सत्तरी-डिचोलीत पूर आला. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात काही तासांत डोंगरावरून पाणी उतरले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर पूर नसतानाही खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली आणि तिसवाडी-फोंड्यातल्या लोकांना कित्येक दिवस टँकरवर काढावे लागले. यांपैकी प्रत्येक प्रसंगाची तयारी वेगळी आहे.

खाडीलगत किंवा खाजन (बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल) जमिनीवर भराव घालून उभ्या राहिलेल्या इमारतींनी भरतीचे वेळापत्रक जवळ ठेवावे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जोराचा पाऊस गाठ पडला की गटाराचे पाणी खाडीत उतरत नाही, उलटे वर येते. शेजारच्या जुन्या दुकानदारांना विचारा, आजवर पाणी कुठपर्यंत आले होते. त्या पातळीची खूण भिंतीवर रंगाने करा आणि तिच्या निदान दोन फूट वरची रेषा सुरक्षित समजा. पुढचे सगळे निर्णय त्या रेषेवरून घ्यायचे आहेत. भूकंपाचा धोका इथे मध्यम आहे. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत गोवा तिसऱ्या क्षेत्रात धरला आहे. टाक्या, पॅनेल आणि टांगलेले पाइप नीट जखडलेले असले तर वादळ आणि हादरा दोन्हींना उपयोगी पडतात.

पायरी २ : पॅनेल रेषेच्या वर न्या, जमत नसेल तर पाण्याची वाट बुजवा

मेन पॅनेल, जनरेटरचा चेंजओव्हर (बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच), यूपीएस आणि बॅटऱ्या, अग्निशमन पंपाचे पॅनेल यांची पहिली पाळी. जागा बदलणे खर्चाचे असते हे खरे. पण इमारतीचे मोठे विद्युतकाम निघते तेव्हा निदान पॅनेल उंच चौथऱ्यावर घेण्याचा आग्रह धरा.

जागा बदलता येत नसेल तर पॅनेल रूममध्ये टॉर्च घेऊन उतरा आणि केबल जमिनीतून जिथे आत शिरतात ती जागा नीट पाहा. बाहेर रस्त्याकडेच्या चेंबरमधून जाड पाइप येतो, त्यातून चार-पाच केबल आत घेतलेल्या असतात आणि केबलभोवतीची पोकळी तशीच उघडी असते. कधी त्यात सिमेंटच्या गोणीचा तुकडा कोंबलेला दिसेल. बाहेरचा चेंबर पावसाने भरला की ते पाणी याच पाइपातून, दाराशी एक थेंबही न दिसता, थेट पॅनेलखालच्या चरात येते. दाराला फळ्या लावून, वाळूच्या गोण्या रचून बसलेले लोक पुढून पहारा देत राहतात आणि पाणी मागून येते. ही पोकळी केबलसाठी मिळणाऱ्या जलरोधक सीलने, दोन्ही टोकांना, बंद करून घ्या. पॅनेलच्या तळपत्र्याला पडलेली जुनी, वापरात नसलेली भोकेही बुजवा. पूर अडवण्याच्या सगळ्या कामांत एवढ्या कमी खर्चात इतका फायदा देणारे दुसरे काम मला माहीत नाही.

तळघराच्या रॅम्पवर रस्त्यालगत उंचवटा हवा, आणि बसवता-काढता येणाऱ्या फळ्यांसाठी दोन्ही बाजूंना खाचा. फळ्या कुठे ठेवल्या आहेत ते रात्रपाळीच्या वॉचमनला दाखवून ठेवा.

पायरी ३ : अर्थिंग आणि वीजरोधक मे महिन्यात तपासा

जांभा खडकाची जमीन उन्हाळ्यात सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून मोजमाप त्याच वेळी करायचे. पावसात घेतलेले आकडे चांगले दिसतात आणि फसवतात. गच्चीवरच्या वीजरोधकाची पट्टी खारट हवेने सांध्यांत गंजून तुटलेली असते, ती वरपासून खालपर्यंत हाताने तपासून घ्या. मेन पॅनेलवर सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला जास्त दाब झेलणारे उपकरण) नसेल तर बसवा, आणि असेल तर त्याची खिडकी हिरवी आहे की लाल ते बघा. लाल म्हणजे त्याचे आयुष्य संपले. गडगडाटी पाऊस एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात जास्त होतो, म्हणजे जूनची वाट पाहत बसायचे नाही.

पायरी ४ : जनरेटरला भार देऊन चालवा

दर आठवड्याला पाच मिनिटे रिकामा चालवलेला जनरेटर ऐनवेळी दगा देतो. भार नसला की डिझेल पूर्ण जळत नाही आणि इंजिनात काजळी साचते. महिन्यातून एकदा, क्षमतेच्या निदान एकतृतीयांश भारावर अर्धा तास चालवा. न सुरू होण्याचे सगळ्यांत नेहमीचे कारण म्हणजे त्याची बॅटरी, म्हणून ती वेळेवर बदला.

आता डिझेलचा हिशेब. एक युनिट विजेला साधारण पाव लिटरच्या थोडे वर, ०.२७ ते ०.३ लिटर लागते. अत्यावश्यक भार ६० किलोवॉट धरला तर तासाला १६ ते १८ लिटर, म्हणजे २४ तासांना सुमारे चारशे लिटर. पेट्रोलियम कायद्यानुसार २,५०० लिटरपर्यंत डिझेल परवान्याशिवाय ठेवता येते, मात्र कुठलेही एक पात्र १,००० लिटरहून मोठे नको. आपल्याकडच्या दमट हवेत टाकीच्या तळाला पाणी साचते, तिथली तोटी उघडून ते अधूनमधून काढावे लागते.

अत्यावश्यक भार कोणता ते आधीच ठरवून वायरिंग वेगळे करा: जिन्यातले दिवे, अग्निशमन, पाणी उपसण्याचे पंप, पिण्याच्या पाण्याचा पंप, सर्व्हर, औषधांचे वा मासळीचे शीतगृह. चेंजओव्हरला इंटरलॉक, म्हणजे दोन्ही पुरवठे एकाच वेळी जोडले जाऊ न देणारी अडक, असलाच पाहिजे. तो नसेल तर तुमच्या जनरेटरची वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावर काम करणाऱ्या वीज खात्याच्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. भाड्याचा छोटा जनरेटर आणून सॉकेटमधून वीज ‘भरण्याचा’ प्रकार कोणी सुचवला तर साफ नकार द्या. जनरेटरचा धूर बंद तळघरात किंवा जिन्याच्या पोकळीत कधीही सोडू नका.

पायरी ५ : पाणी, मैला आणि टाक्या

गच्चीपासून सुरुवात करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की हवामान खाते तो सर्वांत वरच्या श्रेणीत धरते. पाचशे चौरस मीटरच्या गच्चीवर तेवढ्या पावसाचे एक लाख लिटरहून अधिक पाणी होते. ते सगळे चार-सहा जाळ्यांतून खाली जायचे असते आणि त्या जाळ्यांवर आंब्याची पाने, पिशव्या, कबुतरांची घरटी बसलेली असतात. मेच्या शेवटी आणि मग पावसात दर पंधरवड्याला त्या साफ करा. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर घातलेल्या पत्र्यांचे हुक आणि बोल्ट गंजलेले असतील तर बदला; वादळात सुटलेला पत्रा शेजारच्याच्या काचा आणि रस्त्यावरच्या वीजतारा दोन्ही कापतो.

तळघरात पाणी उपसायचे दोन पंप हवेत, एक चालू आणि एक राखीव, दोन्ही जनरेटरच्या भारावर. फ्लोट (पाण्यासोबत वर येऊन पंप सुरू करणारा तरंगता गोळा) हाताने उचलून पंप सुरू होतो का ते पाहा.

मैलावाहिनी हा दुर्लक्षित विषय. बाहेरचा चेंबर तुंबला की घाण तळमजल्याच्या शौचालयातून वर येते. त्यासाठी शेवटच्या चेंबरआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) बसवतात, पण चिंधी अडकली तर त्याची झडप नीट मिटत नाही. सोबत हाताने बंद करायचा गेट व्हॉल्व्हही ठेवा. आणि हे विसरू नका: तो बंद केला की वरच्या मजल्यांवरचा फ्लशही बाहेर जाऊ शकत नाही, तुमचीच घाण तळमजल्यावर उतरते. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्याबरोबर प्रत्येक मजल्यावर तसे कळवायचे.

जमिनीखालच्या टाक्या वादळाआधी भरून ठेवा. आजूबाजूची माती पाण्याने संपृक्त झाली की रिकामी फायबरची टाकी जमीन फोडून वर उचलली जाते आणि जोडलेले सगळे पाइप तोडते. गच्चीवरची रिकामी प्लास्टिक टाकी वाऱ्याने उडते, तीही भरा आणि जखडा. पिण्याच्या टाकीचे झाकण पूररेषेखाली असेल तर घट्ट बसणारे करून घ्या, आणि टाकीत हवा येण्या-जाण्याची नळी रेषेच्या वर न्या. जलवाहिनी फुटण्यासारख्या प्रसंगासाठी निदान दोन दिवसांचे पाणी हाती असावे. अग्निशमनासाठी राखलेल्या टाकीला मात्र हात लावायचा नाही.

पायरी ६ : एसी, गॅस, सोलर

बाहेरच्या एसी युनिटांचे गंजलेले स्टँड बदला, किनाऱ्यालगत तर ३१६ दर्जाचे स्टेनलेस बोल्ट वापरा. गॅसबँकेचा (एकत्र जोडलेल्या सिलिंडरांचा) मुख्य व्हॉल्व्ह सगळ्या स्वयंपाक्यांना माहीत हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तळघरात साचतो. सोलर पॅनेलबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, मेन स्विच बंद केला तरी दिवसा त्याच्या तारांत वीज असतेच. यूपीएसचेही तसेच.

पायरी ७ : रेड अलर्टच्या दिवसाचा क्रम

हा क्रम मोठ्या अक्षरांत छापून पॅनेल रूमबाहेर, रेषेच्या वर लावा. टाक्या भरा, डिझेल तपासा. गच्चीवरचे सुटे सामान आत घ्या. लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करून बंद करा, कारण लिफ्टचा खड्डा सगळ्यांत आधी भरतो. वारा वाढला की एसीची बाहेरची युनिटे बंद. पाणी रॅम्पपाशी येताच फळ्या, मग मैल्याचा व्हॉल्व्ह, मग गॅस. पाणी खुणेपर्यंत चढू लागले की पॅनेल रूममध्ये पाय ओला व्हायच्या आत तळघराचा आणि तळमजल्याचा पुरवठा तोडा. अग्निशमन पंपाचा फीडर (पॅनेलमधून निघणारी वीजवाहिनी) स्वतंत्र असावा, म्हणजे इतर पुरवठा तोडला तरी तो सुरू राहतो. पॅनेल रूममध्ये पाणी शिरले असेल तर आत कोणीही जायचे नाही. वीज खात्याला १९१२ वर कळवून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगा. आग किंवा कोणी अडकले असेल तर १०१ किंवा ११२.

पाणी बहुतेक वेळा रात्रीच चढते आणि तेव्हा इमारतीत एकटा वॉचमन असतो. मालकाला फोन लागो न लागो, स्विच पाडायचा अधिकार त्याला लेखी द्या आणि किल्ल्या त्याच्या हाती ठेवा. वर्षातून एकदा त्याच्याकडून हा क्रम प्रत्यक्ष करून घ्या.

पायरी ८ : पाणी ओसरल्यावर घाई नको

साफसफाईआधी प्रत्येक यंत्राचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसह फोटो काढा, विम्याला लागतील. तळघर एका दमात उपसू नका. बाहेरची माती अजून ओली असते, आतला दाब एकदम गेला तर भिंत किंवा तळ फुटू शकतो. दिवसाला दोन-तीन फूट पुरे.

पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर हे पॅनेलमधले स्विच सुकवून परत लावू नका, ते बदलायचेच. मोटर वाचू शकते. खाडीचे पाणी खारे असल्याने आधी गोड्या पाण्याने धुवा, मग भट्टीत सुकवा, आणि मेगरवर (वायरीच्या वेष्टणाचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) निदान १ मेगाओहम आल्याशिवाय जोडू नका. पाण्याची टाकी रिकामी करून घासा, पुन्हा भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन द्या: दहा हजार लिटरला ताजी ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर सुमारे दीड किलो. बारा तास ठेवून ते पाणी पाइपांतून सोडून द्या, मग नव्याने भरा.

वीज परत देताना एकेक फीडर, वरच्या मजल्यापासून खाली. त्याआधी सगळे एसी आणि मोटरी बंद असल्याची खात्री करा, नाहीतर सगळा भार एकदम येऊन पुन्हा ट्रिप होईल. लिफ्ट सर्वांत शेवटी, खड्डा कोरडा करून आणि देखभाल करणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञाने लेखी हिरवा कंदील दिल्यावरच.