पोटात पाणी झाले म्हणजे नेमके काय? उदरावरणाच्या कर्करोगाचे निदान

परकराची नाडी दर आठवड्याला थोडी सैल बांधावी लागते, निम्मी वाटी पेज घेतली तरी पोट तट्ट फुगते आणि हातपाय मात्र वाळत जातात, अशी तक्रार घरातील बाईने केली तर ती गॅसवर ढकलू नये. दोन-तीन आठवड्यांत आराम पडला नाही तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण पोटातील अवयवांना झाकणाऱ्या पातळ पडद्याचा, म्हणजे उदरावरणाचा, कर्करोग बहुधा एवढ्याच खुणांनी सुरू होतो. पुरुषांनाही तो होतो.

सोनोग्राफीत पाणी दिसले म्हणजे निदान झाले, असे मात्र नव्हे. यकृत बिघडल्यानेही पाणी साठते आणि पोटाच्या क्षयानेही. म्हणून डॉक्टर जागा बधिर करून सुईने पाणी काढतात तेव्हा, ते वाळल्या गवतासारखे फिकट पिवळे असो वा रक्तमिश्रित, तपासणीला पाठवले की नाही हे आवर्जून विचारावे. त्याच दिवशी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिनही मोजतात. रक्त आणि पाणी यांतील अल्ब्युमिनचा फरक डेसिलिटरला 1.1 ग्रॅमहून कमी असेल तर संशय यकृतावरून उदरावरणाकडे वळतो. पाण्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, तरी कर्करोग नाही असे ठरत नाही. रक्तातील सीए-१२५, म्हणजे अशा कर्करोगात वाढणारे एक प्रथिन, साधारणपणे मिलिलिटरला 35 युनिटच्या आत असते, पण ते क्षयातही वाढते. तेवढ्या आकड्यावर कोणी धीर सोडू नये.

पुढे रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करतात. त्याआधी मूत्रपिंडे नीट चालतात ना हे कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. पडदा जाड झालेला किंवा गाठी त्यात दिसतात, पण रव्याएवढे बारीक दाणे नजरेतून सुटू शकतात. ते पोटाला छोटे छिद्र पाडून आत घातलेल्या दुर्बिणीने दिसतात, तरीही क्षयाचे दाणे आणि कर्करोगाचे दाणे नुसत्या नजरेला सारखेच भासू शकतात. म्हणून तुकडा काढून केलेली बायोप्सीच निर्णायक ठरते. खात्री नसताना क्षयाच्या गोळ्या सुरू करून महिने घालवणे मला फार धोक्याचे वाटते.

त्याच तुकड्यावरील विशेष रंगचाचण्यांनी रोग मूळचा उदरावरणाचा की अंडाशय, जठर किंवा आतड्यातून पसरलेला, हे कळण्यास मदत होते. त्यासाठी गरजेप्रमाणे जठर आणि मोठे आतडेही दुर्बिणीने तपासतात. गोव्यात म्हापसा किंवा मडगावच्या इस्पितळातून बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात), पाठवले तर अहवालाच्या कागदाबरोबर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळाही मागून न्यावा.