शिष्यवृत्तीच्या निबंधात घरची परिस्थिती कशी सांगावी

ऑगस्टमध्ये अमेरिकेत आलेली आपली मुलं पुढच्या वर्षाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायला बसली, की ‘तुमची आर्थिक गरज स्पष्ट करा’ या प्रश्नापाशी अडतात. घरच्या अडचणी चारचौघांत काढायच्या नाहीत, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं. मग निबंधात ‘मध्यमवर्गीय कुटुंब’ आणि ‘आईवडिलांचे कष्ट’ एवढंच उरतं. त्यावरून समितीला काहीच ठरवता येत नाही. संकोच सोडा आणि आकडे लिहा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकी सरकारची आर्थिक मदत मिळत नाही. तुमच्यासाठी आहेत त्या विभागाच्या आणि विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्या. रक्कम लहान म्हणून सोडू नका. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांत किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर बाहेरून आलेल्यांना लागणारी जादा फी माफ होऊ शकते.

सगळ्यात अवघड प्रश्न आय-२० चा, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदाचा. पहिल्या वर्षाचे पैसे आहेत असं दाखवूनच तुम्ही आलात, मग आता गरज कुठून आली? हे समितीच्या मनात येणारच, तेव्हा आपणच सांगून टाका. दाखवलेली रक्कम बहुतेकांच्या बाबतीत शैक्षणिक कर्जाची असते. घर तारण आहे का, व्याज किती, ते आत्तापासून चढतंय का, पहिल्या वर्षात किती उचललं आणि दुसऱ्या वर्षाला किती उरलं, हे लिहा. त्यानंतर काही बदललं असेल, म्हणजे वडील निवृत्त झाले, घरात आजारपण आलं, तर महिना आणि वर्षासकट लिहा. जे बदललेलं नाही ते रंगवू नका.

उत्पन्न लाखांत लिहू नका. ६,००,००० मधले स्वल्पविराम बघून इथला माणूस गोंधळतो. डॉलरला ८५ रुपये धरले तर ते साधारण ७,००० डॉलर होतात. तेवढं लिहा आणि कोणता दर धरला तेही लिहा.

शेतकरी घरातल्या मुलांनी इथे जास्त काळजी घ्यावी. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, त्यामुळे अनेक घरांत विवरणपत्रच भरलेलं नसतं, आणि समिती नेमकं तेच मागते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला इंग्रजीत भाषांतर करून जोडा आणि विवरणपत्र का नाही ते एका वाक्यात सांगा. ‘कांद्याचे भाव पडले’ एवढ्यानेही काही कळत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली, त्या हंगामात घरी किती कमी पैसे आले, असं लिहिलं तर नाशिक कुठे आहे हे माहीत नसलेल्यालाही समजतं.

कॅम्पसवर काम करत असाल तर तेही मांडा. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, हे दाते मंडळींना ठाऊक असतंच असं नाही. तुमची कमाई जेमतेम किराणा आणि भाड्याच्या वाट्याला पुरते हे त्यांना त्यातून उमगतं.

वर्षाचा खर्च विद्यापीठाने जाहीर केलेलाच धरा. त्यातून कर्ज, घरून येणारे पैसे आणि पगार वजा करा. उरलेला आकडा पहिल्याच परिच्छेदात यावा.

मग मसुदा विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे लेखनाला मदत करणाऱ्या केंद्रात न्या, तिथे पैसे लागत नाहीत. वाचून झाल्यावर समोरच्याला विचारा, मला किती डॉलर कमी पडतायत आणि का? त्याला सांगता आलं नाही, तर तो भाग पुन्हा लिहा.